पुराव्याचा भार कोणावर?

वसईच्या पश्चिमेला ‘भोंगा’ म्हटले की आवाजाचा कर्णा डोळ्यांपुढे येतो. महामार्ग ओलांडून पूर्वेला, शिरसाड-पारोळ-उसगावच्या बाजूला गेलात की त्याच शब्दाचा अर्थ बदलतो. तिथे भोंगा म्हणजे वीटभट्टीवरच्या मजुराची झोपडी. विटा एकावर एक रचायच्या, वर गवत, पेंढा किंवा ताडपत्री टाकायची आणि आत शिरताना कमरेत वाकायचे. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागांतली वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर येतात. पावसाच्या तोंडावर भाताच्या आवणीसाठी ती परत जातात. या येण्या-जाण्याला तिकडे कुणी ‘स्थलांतर’ म्हणत नाही. ‘जगायला जाणे’ म्हणतात.

स्थलांतर हा शब्द वसई-विरारच्या राजकारणात ऐकू येतो तो वेगळ्या अर्थाने. नालासोपाऱ्याच्या फलाटावरची सकाळची गर्दी, ‘लोंढे’, ‘परप्रांतीय’, अनधिकृत चाळी, पाण्याचे टँकर. हेही खरे आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. त्यात उत्तर भारतीय होते, तसे परळ-लालबागच्या चाळीतून आणि कोकणातून आलेले मराठी लोकही होते. तरी भाषणांत येते ते एकच स्थलांतर. भट्टीच्या मालकाकडून, शेठकडून, बयाणा म्हणजे उचल घेऊन, मुलाबाळांसह, आपल्याच जिल्ह्यात परके होऊन येणारा माणूस त्यात नसतो. त्याचे मत जव्हार-मोखाड्यात, म्हणजे विक्रमगड मतदारसंघात असते. ज्याचे मत इथे नाही, त्याच्यासाठी इथे सभा कोण घेणार?

म्हणून २००९ ची वसईची निवडणूक मला अभ्यासण्याजोगी वाटते. त्या वर्षी वसईने विवेक पंडित यांना अपक्ष आमदार म्हणून निवडून दिले. त्यांचे सार्वजनिक आयुष्य उभे राहिले होते ते या दुसऱ्या, न दिसणाऱ्या स्थलांतरावर आणि वेठबिगारीवर. अपक्ष उमेदवार स्थलांतर आणि नागरी स्वातंत्र्य या दोन विषयांकडे कसे पाहू शकतो, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे या उदाहरणावरून समजून घेता येते.

दहिसर ते विधानसभा

विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था सुरू केली. काम वसई तालुक्यातल्या दहिसर गावात. मुंबईचे दहिसर वेगळे, हे तालुक्याच्या पूर्व भागातले. तिथे गेल्यावर दवाखाना, बालवाडी यांच्याआधी एक गोष्ट समोर आली. गावातले काही आदिवासी वर्षानुवर्षे एकाच मालकाकडे राबत होते आणि त्यांना मजुरी अशी मिळतच नव्हती. लग्नासाठी काही रुपये उचल घेतलेली असायची आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघेही मालकाकडे बांधली जायची. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. रूढीला इतके सोपे, घरगुती नाव मिळाले की तिच्यातला अन्याय दिसेनासा होतो, त्याचा हा नमुना.

या मजुरांच्या मुक्ततेच्या धडपडीतून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. संस्था सेवा करते, संघटना हक्क मागते, हा फरक तिथे प्रत्यक्षात उतरला. पुढे उसगाव हे या कामाचे केंद्र झाले. १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ सुरू केल्या. आई-बाप विटा पाडत असताना मूल लहान भावंडाला कडेवर घेऊन बसते आणि तिकडे गावच्या शाळेच्या पटावर त्याची गैरहजेरी लागते. ते गावी परत येईपर्यंत वर्ष हातचे गेलेले असते. शाळाच मुलाच्या मागून भट्टीवर न्यायची, इतका साधा हा विचार होता. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. गुलामगिरीविरोधी कामाचा जागतिक सन्मान वसई तालुक्यातल्या कामाला मिळतो, याचा दुसरा अर्थ असा की विसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर गुलामगिरी होती.

२००९ च्या निवडणुकीत मात्र गाजला तो दुसराच प्रश्न. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून महापालिका स्थापन झाली. वाड्या-बागायतीच्या पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावांना महापालिका नको होती. ग्रामसभा गेली की जमिनीवरचा आपला शब्दही जाईल, ही भीती होती. त्या असंतोषाच्या लाटेवर पंडित निवडून आले. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये गावे पुन्हा महापालिकेत समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. आपल्यावर कोणी राज्य करायचे हे आपल्याला विचारा, ही मागणी नागरी स्वातंत्र्याचीच. तिच्यात मतदार होते, म्हणून ती निवडणुकीचा मुद्दा झाली. भोंग्यातल्या माणसाची मागणी तशी होऊ शकली नाही.

अपक्ष म्हणजे किती स्वतंत्र?

‘अपक्ष’ या शब्दाभोवती आपल्याकडे एक वलय आहे. प्रत्यक्षात कायदा अपक्षाला उंबऱ्यापासूनच थोडे मागे ठेवतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतपत्रिकेवर पक्षवाल्यांची नावे आधी येतात आणि अपक्ष खाली. चिन्ह मुक्त चिन्हांच्या यादीतून, तेही शेवटच्या दिवसांत मिळते. मग शिट्टी किंवा कपबशी पंधरा दिवसांत घरोघरी पोचवायची. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त.

निवडून आल्यावर चित्र पालटते. अपक्ष आमदाराला कोणाचा व्हिप लागू होत नाही. १९८५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टाने पक्षाच्या आमदाराचे मत पक्षाकडे गहाण टाकले, अपक्षाचे मोकळे राहिले. अट एवढीच, की निवडून आल्यानंतर त्याने कोणत्याही पक्षात जायचे नाही, गेला तर आमदारकी जाते. पाठिंबा मात्र देता येतो, आणि सरकार काठावर असेल तर त्या पाठिंब्याचे मोल वाढते. १९९५ मध्ये महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले आणि युती सरकार त्यांच्या आधाराने उभे राहिले. २००९ मध्ये २४ अपक्ष होते, २०२४ मध्ये फक्त दोन.

वसईचा अनुभव सांगतो की अपक्षपणा हा स्वभाव नसून स्थिती असते. १९९५ मध्ये हितेंद्र ठाकूर इथून अपक्ष म्हणून निवडून आले होते आणि त्यांच्या गटाविरुद्ध २००९ मध्ये जिंकलेले पंडितही अपक्षच होते. पंडित यांच्यामागे तेव्हा शिवसेनेचा पाठिंबा होता. १९६६ पासून भूमिपुत्राचा मुद्दा घेऊन वाढलेला पक्ष आणि वेठबिगारांच्या संघटनेचा नेता, यांची ही सोयरीक वसईपुरती होती. २०१४ मध्ये ठाकूर यांनी पंडितांचा पराभव केला. २०२४ मध्ये पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित यांनी भाजपच्या चिन्हावर ठाकूर यांना हरवले. म्हणजे उमेदवाराच्या नावापुढे पक्ष आहे की नाही, एवढ्यावरून त्याचा विचार कळत नाही. तो मतदार यादीबाहेरच्या माणसासाठी काय करतो, यावरून थोडा कळतो.

याचे जगातले ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. एलिनर रॅथबोन १९२९ मध्ये इंग्लंडच्या विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघातून अपक्ष निवडून आल्या. नाझी जर्मनीतून पळालेल्या निर्वासितांना आसरा द्या, म्हणून त्या मंत्र्यांच्या दारात ठाण मांडून बसत. १९४० मध्ये ब्रिटनने जर्मन-ऑस्ट्रियन निर्वासितांनाच ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध केले, तेव्हा एकेका माणसाची बाजू घेऊन त्या संसदेत प्रश्न विचारीत राहिल्या. त्या निर्वासितांपैकी एकाचेही मत त्यांना मिळणार नव्हते.

वही ज्याच्या हातात, पुरावा त्याने द्यावा

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. स्थलांतर आणि नागरी स्वातंत्र्य यांवर उमेदवार काय बोलतो, हे पारखायचे असेल तर भाषण बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा: सिद्ध करण्याचा भार कोणावर?

आपल्या राज्यघटनेचे कलम १९ नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क देते. कलम २३ वेठबिगारीला बंदी करते, आणि हे कलम सरकारइतकेच खासगी माणसालाही बांधते. शेठने वेठीला धरले तरी घटनाभंगच होतो. या कलमाला दात मिळाले ते आणीबाणीच्या काळात. ऑक्टोबर १९७५ चा अध्यादेश आणि १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. नागरी स्वातंत्र्ये गुंडाळून ठेवली होती त्याच वर्षांत गरिबातल्या गरिबाच्या स्वातंत्र्याचा हा कायदा झाला, हा इतिहासातला विरोधाभास.

या कायद्याने वेठबिगाराची व्याख्या करताना मजुरीबरोबर हालचालही मोजली आहे. उचल घेतल्यामुळे माणसाला दुसरीकडे काम धरता येत नसेल, भारतात मोकळेपणाने कुठे जाता येत नसेल, तर तो वेठबिगार. म्हणजे भट्टीवर येणे हे स्थलांतर, आणि भट्टी सोडून जाता न येणे ही गुलामगिरी. कायदा दोन्हींतली रेघ इतकी स्पष्ट ओढतो. असे कर्ज आपोआप रद्द होते. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात महत्त्वाचे आहे ते कलम १५. मजुराने किंवा या कायद्याखालच्या दक्षता समितीने ‘हे वेठीचे कर्ज आहे’ असे म्हटले की ते तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर येते. कारण उघड आहे. बयाणा किती दिला, विटा किती पडल्या, बाजाराच्या दिवशी खर्चीला किती दिले, हे सगळे शेठच्या वहीत असते. मजुराकडे ना वही, ना त्याला वाचता येत. पुरावा ज्याच्या हातात आहे त्यानेच तो द्यावा. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूक हीही सक्ती आहे. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय म्हणाले, की सक्तीने काम करून घेतले जात आहे असे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने दाखवावे.

कागदावरचा हा न्याय जमिनीवर अडतो तो मुक्ती प्रमाणपत्रापाशी. प्रमाणपत्र महसूल अधिकारी देतो. त्याशिवाय पुनर्वसन नाही. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अत्यंत गंभीर शोषणात तीन लाख रुपये आहेत. तातडीची मदत, आता ३०,००० रुपयांपर्यंतची, लगेच मिळू शकते. उरलेली रक्कम मात्र मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालला, की सुटलेला माणूस पुढच्या दिवाळीत पुन्हा बयाणा घेतो.

दुसरी अडचण राज्याच्या सीमेची. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता देत होता, पण फक्त राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्याला. २०२० च्या संहितेत तो सामावला गेला तरी ‘आंतरराज्य’ हा शब्द कायम राहिला. मोखाड्याहून वसईला आलेल्या कातकऱ्याने सीमाच ओलांडलेली नसते. कायद्याच्या दृष्टीने तो कुठे गेलेलाच नसतो.

जिथे भार उलटतो

आता नालासोपाऱ्याकडे वळू. इथे भाड्याने खोली घेणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. परदेशी नागरिकांवर, बांगलादेशी असल्याच्या संशयितांवर कारवाईच्या बातम्या अधूनमधून येतात. व्हिसाची मुदत संपलेल्याला, विनापरवाना आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला असतो, आपल्यालाही आहे. कलम १९ मधले राहण्या-फिरण्याचे हक्क फक्त नागरिकांचे. पण कलम २१, जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागू होते. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. अटकेचे कारण सांगणे, वकील करू देणे, २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे, हे सामान्य अटकेतले नियमही मुख्यतः व्यक्तीसाठी आहेत, पासपोर्टसाठी नाहीत.

मात्र परदेशी नागरिक कायद्यात, १९४६ च्या कलम ९ मध्ये, भार उलटा होता. तू परदेशी आहेस असे सरकार म्हणाले, तर तसे नसल्याचे तू सिद्ध कर. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, हे तत्त्व तसेच ठेवून. २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल खटल्यात न्यायालयाने ते योग्य ठरवले होते. त्यामागचे कारण ओळखीचे वाटेल: आपण कुठे जन्मलो, आई-बाप कोण, हे त्या माणसालाच ठाऊक असते, सरकारला नाही. म्हणजे तत्त्व वेठबिगार कायद्याच्या कलम १५ चेच आहे. माहिती ज्याच्याकडे, पुरावा त्याने द्यावा.

गफलत इथे होते. ठाऊक असणे आणि कागद असणे या दोन गोष्टी आहेत. शेठकडे वही असते. भोंग्यात किंवा चाळीत राहणाऱ्याकडे जन्म कुठला हे ठाऊक असते, दाखला नसतो. जून २०२५ मध्ये मीरा रोड भागात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका बांधकाम मजुराला बांगलादेशी समजून सीमेपार ढकलण्यात आले आणि तो भारतीय असल्याचे समोर आल्यावर परत आणावे लागले. हा भाग वसई-विरारच्याच पोलीस आयुक्तालयात येतो. चूक दुरुस्त झाली, पण पुरावा नीट तपासला जाण्याआधी माणूस देशाबाहेर गेला होता. जुलै २०२४ मध्ये आसामच्या रहीम अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच बजावले होते. कुणाच्याही दारावर टकटक करून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. संशयाला आधार काय, हे आधी सरकारने दाखवावे.

हाच उलटा भार आपल्या ओळखीच्या आणखी एका शब्दात लपलेला आहे: तडीपार. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते, गुन्हा सिद्ध न होता. साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत, हे त्यामागचे कारण. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले, की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, कारण तो फिरण्याच्या हक्कावर घाव घालतो.

वसई रोडहून गोरखपूरला

कोविडच्या टाळेबंदीत, २१ मे २०२० रोजी वसई रोडहून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. प्रवासी जागे झाले तेव्हा ती ओडिशातल्या राउरकेल्याला पोचली होती. गाडी चुकली नाही, मार्गावर गर्दी असल्याने वळवली, असे रेल्वेने सांगितले. प्रवाशांना कुणी सांगितले नव्हते. त्याच महिन्यात वसईत सनसिटीच्या मैदानावर गावी जाण्यासाठी हजारोंची रांग उन्हात उभी होती. ९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मजुरांना १५ दिवसांत घरी पोचवण्याचा आदेश दिला आणि पायी निघाल्याबद्दल त्यांच्यावर नोंदवलेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असे राज्यांना सांगितले.

घरी जायला निघणे हा गुन्हा ठरू शकतो, हे त्या उन्हाळ्यात कळले. आणि ज्यांना आपण ‘लोंढा’ म्हणत आलो, ते परत जाऊ लागले तेव्हा बांधकामे थांबली, हेही.

स्थानिकांच्या नोकरीचा, पाण्याचा, रेल्वेतल्या जागेचा प्रश्न खोटा नाही. उमेदवाराने त्यावर बोललेच पाहिजे. सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेदभाव करायला घटनेचे कलम १६ मनाई करते आणि निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला देते, हे त्याने सांगितले तर अधिक बरे. न पाळता येणारे आश्वासन तरी टळेल. पण त्याच्या स्वातंत्र्याची कसोटी याच्या पलीकडे आहे. दुबळ्याने शपथेवर सांगितले आणि बलवानाने नाकारले, तर तो कागद कोणाकडे मागतो?

मे महिना सरत आला की पूर्वेकडच्या भट्ट्या थंड होतात. भोंगे मोडतात, ताडपत्री गुंडाळली जाते, टेम्पोत भांडी, कोंबड्या, मुले चढतात. पहिल्या पावसात त्या जागेवर चिखल होतो. सहा महिने तिथे एक कुटुंब राहत होते याची नोंद ना मतदार यादीत असते, ना शाळेच्या पटावर, ना राज्याच्या सीमेवरच्या कुठल्या रजिस्टरात. एकच नोंद उरते, शेठच्या वहीत, ‘बाकी’ या रकान्यात. ती वही शेठनेच उघडून दाखवायची, असे कायदा सांगतो. सांगून आता पन्नास वर्षे झाली.